गाडीत जाणारा माल

जुहूच्या हॉटेलातून लाकूड तिसऱ्यांदा परत आलं, त्या दिवशी मी ठरवलं की रुडॉल्फला आता रंगेहाथ पकडायचाच.

माझं असंच आहे. एकदा संशय आला की तो खरा करून दाखवल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. हसा खुशाल. बावीस वर्षं मी असल्फ्याच्या या जळाऊ लाकडाच्या वखारीत काट्यावर बसते. ट्रकमधून माल उतरला की तोलायचा, गाडीत चढला की तोलायचा. काट्यावरची बाई माणसांवर भरवसा ठेवायला लागली तर वखारीला कुलूपच लागायचं. भाजीवाल्याच्या तागडीखाली मी आधी हात फिरवून बघते, मग कांदे घेते. माझी लेक चेतना म्हणते, "आई, तू आरशात स्वतःकडे पण संशयानंच बघतेस ना गं!" बघते. मग?

तर त्या दिवशी हॉटेलचा माणूस फोनवर उत्तराताईंना काय वाट्टेल ते बोलला. त्यांच्याकडे लाकडाच्या भट्टीत पिझ्झा भाजतात. आमचं लाकूड घातलं की धूर होतो, गिऱ्हाईक डोळे चोळत उठून जातं. उत्तराताई म्हणजे आमच्या जयवंतशेठची मुलगी. शेठ गेल्यावर वखार तिनं हातात घेतली. फोन ठेवून ती माझ्या काट्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मालनमावशी, अजून एक गाडी परत आली की संपलं. मग मी चेंबर बंद करणार. आणि चेंबर नसेल तर रुडॉल्फ अंकलना काय म्हणून ठेवू, सांगा?"

चेंबर म्हणजे लाकूड सुकवायची भट्टी. ताईंनीच आणली. दिसायला लोखंडी खोली, आत पंखे, एका बाजूला आच द्यायची सोय, वर वाफ जायला झडपा. मला आधी ते सगळं थेर वाटलं होतं. लाकूड सुकवायला ऊन नाही का? पण ताईंचं म्हणणं, ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. ते तसंच पेटवलं तर आधी स्वतःच्या पोटातलं पाणी आटवण्यातच जळून जातं. फसफसतं, धुमसतं, आच काही देत नाही. उन्हात नीट सुकायला सहा-आठ महिने लागतात, आणि आपल्या मुंबईत त्यातले चार महिने पावसाचे. चेंबरमध्ये तेच काम पाच दिवसांत होतं. जुहूचं हॉटेल हे चेंबरच्या मालाचं पहिलंच गिऱ्हाईक.

ते चालवायला ताईंनी रुडॉल्फला आणला. मरोळ गावठाणातला, साठीला टेकलेला. त्याच्या बापजाद्यांची पावाची बेकरी होती, ती भावांनी मिळून बिल्डरला दिली. हा एकटा नाही म्हणत होता, पण एकट्याचं कोण ऐकतो? चाळीस वर्षं आगीसमोर काढलेला माणूस, घरी बसून वेडा झाला असता. त्याची बायको विनी एकदा वखारीत आली होती तेव्हा मला म्हणाली, "याला काम हाय तवर हा माणसात हाय गो." म्हणजे चेंबर गेलं तर या माणसाचं काय होणार ते मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी जे केलं ते केलं.

काम मात्र तो झकास करायचा, ते नाकारणार नाही. फोडलेलं लाकूड जाळीच्या क्रेटमध्ये असं रचायचा की प्रत्येक तुकड्याच्या भोवती वारा खेळला पाहिजे. पहिल्या दिवशी आच अगदी मंद. मी एकदा म्हटलं, "अरे, दे ना भडकावून, दोन दिवसांत उरक." तर म्हणतो, "पाव कधी भाजलास? एकदम आच दिली तर वरून करपतो आणि आत कच्चा. लाकडाचं पण तसंच गो. बाहेरचं सुकतं, घट्ट होतं, आणि आतलं पाणी आतच अडकतं." मग रोज थोडी थोडी आच वाढवायची, झडपा उघडून ओली हवा बाहेर घालवायची. शेवटच्या दोन दिवसांत आत सत्तर डिग्री. पाचव्या दिवशी दोन तुकडे हातात घेऊन एकमेकांवर आपटायचा आणि कान लावून ऐकायचा. ओलं असेल तर धप्प वाजतं, सुकलेलं टण्ण वाजतं. शिवाय दोन सुयांचं मीटर होतंच. लाकडात टोचलं की ओलीचा आकडा सांगतं. वीसच्या खाली आला की माल तयार.

आता गंमत बघा. संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर मीटर पंधरा दाखवायचं. क्रेट बाहेर ओट्यावर ताडपत्रीखाली लागायचे. दुसऱ्या दिवशी दहाला टेम्पो निघायचा. आणि दुपारी जुहूला हॉटेलवाला टोचायचा तेव्हा अठ्ठावीस! लाकूड काय रात्रीत उठून नळावर जातं पाणी प्यायला?

म्हणजे मधे कुणीतरी माल बदलतंय. मी आधी टेम्पोवाल्या मिथुनवर डोळा ठेवला. दुसऱ्या खेपेला सरळ त्याच्या शेजारी चढून बसले. दोन पोरांचा बाप, घाबरून गेला बिचारा, वाटेत चहालासुद्धा थांबला नाही. जुहूला ताडपत्री माझ्यासमोर निघाली, मीटर माझ्यासमोर टोचलं. सत्तावीस. मिथुन सुटला. उरला कोण? रुडॉल्फ.

आणि त्याचं एक मी टिपून ठेवलं होतं. दर भट्टीनंतर संध्याकाळी निघताना तो दोन लाकडं कापडी पिशवीत गुंडाळायचा आणि स्कूटरवर पायाशी ठेवायचा. गुपचूप. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही. आमच्यासमोर दोन नेतो, तर आमच्या मागे किती नेत असेल? गावठाणात ओळखीच्या कुणाला तरी सुकं लाकूड पुरवत असणार आणि क्रेटमध्ये ओलं भरत असणार. माझं डोकं असं धावायला लागलं की मग थांबत नाही.

तिसऱ्यांदा परत आलेले क्रेट उतरवले तेव्हा रुडॉल्फनं कुऱ्हाड घेतली आणि त्यातलंच एक लाकूड ताईंसमोर मधोमध फोडलं. आतल्या अंगाला मीटर टोचलं. चौदा. बाहेरून टोचलं, सव्वीस.

"बघा," तो म्हणाला. "माझी भट्टी चुकली असती तर बाहेर सुकं आणि आत ओलं झालं असतं. हे उलटं हाय. आतून खणखणीत सुकलंय. कुणीतरी वरून पाणी मारलंय. आणि चेंबरमधलं लाकूड तहानलेलं असतं, लगेच पिऊन टाकतं."

पाणी मारलंय म्हटल्यावर मला जुनं काहीतरी आठवलं. मी ते तिथंच दाबलं आणि म्हणाले, "वजन वाढवायला मारतात पाणी. ते काय मला शिकवतोस?"

"जुहूचा माल वजनावर कुठे जातो, मावशी? क्रेटवर जातो," ताई म्हणाली.

रुडॉल्फनं माझ्याकडे बघितलं. "वजनाचं तुला बरं माहीत गो, मालन?"

झालं. ते वाक्य मला असं झोंबलं की काय सांगू! मी तडक त्याच्या स्कूटरकडे गेले आणि पिशवी उचलून ताईंसमोर आपटली. दोन लाकडं बाहेर पडली. "विचारा याला! दर भट्टीला नेतो. सुकं घरी न्यायचं आणि आमच्या माथी ओलं मारायचं!" आतून कोरडं निघालेलं लाकूड बदललेलं कसं असेल, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मला तेव्हा भांडण जिंकायचं होतं.

"अंकल, कशाला नेता?" ताईंनी हळूच विचारलं.

तो सांगू शकला असता. पण त्याचं तोंड लाल झालं होतं. "मी माझ्या बापाच्या बेकरीतला पाव पण न विचारता उचलला नाय कधी," तो म्हणाला. "हिनं ठरवलंय ना मी चोर? मग झालं." चेंबरची किल्ली त्यानं माझ्या काट्यावर ठेवली आणि लाकडं तिथंच टाकून निघून गेला. मला सांगायला लाज वाटते, पण त्या रात्री मी पोटभर जेवले.

शेवटची गाडी गुरुवारी जायची होती. चेंबरमधला माल रुडॉल्फनंच चढवलेला, आच त्यानंच लावलेली, फक्त बंद करून काढायचा राहिला होता. बुधवारी संध्याकाळी मी स्वतः क्रेट ओट्यावर लावून घेतले, स्वतः मीटर टोचलं. चौदा, पंधरा, चौदा. ताडपत्री घातली. डूख धरलेला माणूस गप्प बसायचा नाही, पहाटे येऊन पाणी मारणार, मी मनाशी म्हटलं. आज याला पकडतेच.

गुरुवारी सकाळी सहालाच मी वखारीत आले आणि बाभळीच्या थप्पीमागे उभी राहिले. चांगलं उजाडलेलं होतं. साडेसहाच्या सुमारास फाटक वाजलं. माझे कान टवकारले. पण आली ती शांताबाई.

शांताबाई आमची झाडूवाली. परतूरकडची, माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठी, गुडघे सुजलेले. रोज माझ्या आधी येते, झाडलोट करते, मी नऊला पोचते तेव्हा अंगण चकचकीत असतं. मला वाटलं, हिला सांगावं, बाई गं, आडोशाला हो, चोर येणार आहे. पण तिनं झाडू उचललाच नाही. कोपऱ्यातली पत्र्याची झारी घेतली आणि फाटकाबाहेर रस्त्यापलीकडच्या नळावर गेली. भरलेली झारी दोन्ही हातांनी धरून, दर पाच पावलांवर टेकवत परत आली. ओट्याशी येऊन ताडपत्रीचा कोपरा वर केला. आणि क्रेटवर, एकेका लाकडावर, हळूहळू पाणी सोडायला लागली. वर पुटपुटत होती.

"निघा रे बाबांनो, निघा. भाईर या. कुणाच्या लेकराला चावू नका."

मला पुढे व्हायचं धाडस होईना.

कारण ते मीच तिला शिकवलं होतं. अठरा वर्षं झाली. तेव्हा सगळा माल वजनावर जायचा आणि गाडीत जाणाऱ्या मालावर सकाळी पाणी मारायचं, ही आमच्या वखारीची रीत होती. जयवंतशेठनं मला सांगितलं, मी माणसांना सांगायचे. शांताबाई नवीन होती. तिनं विचारलं, "जाळायचं लाकूड आन् त्याला पाणी? ते कशापाई?" सरळ माणूस, सरळ प्रश्न. खरं सांगितलं असतं तर ती चार जणांत बोलली असती. म्हणून मी म्हटलं, "लाकडात विंचू असतात ना? पाणी मारलं की बाहेर पडतात. नाहीतर घेणाऱ्या बाईच्या हाताला डसतील."

आणि विंचूच का सुचला? तेही सांगते. तिची पाच वर्षांची संघमित्रा गावाकडे सरपणात हात घालायला गेली आणि विंचू चावून तालुक्याला पोचायच्या आत गेली. वखारीत आली त्याच आठवड्यात शांताबाईनं मला हे रडत सांगितलं होतं. मला ठाऊक होतं म्हणूनच मी विंचू म्हटलं. हे सांगितलं की ही बाई पुन्हा प्रश्न विचारणार नाही, अशी माझी खात्री होती. तिनं विचारला नाहीच.

शेठ गेले, क्रेट आले, चेंबर आलं. पाणी बंद कर असं तिला कुणी सांगितलंच नाही. ती करते हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी नऊच्या आधी कधी आलेच नव्हते.

मी पुढे झाले. ती दचकली, मग हसली. "आज लवकर गं?"

"शांताबाई, ठेव ती झारी. आता नको मारू पाणी."

"आन् इंचू?"

"आता गरज नाही," एवढंच म्हटलं आणि झारी तिच्या हातातून घेतली. वाटलं होतं त्याहून कितीतरी जड होती.

मग मी बाकड्यावर बसले आणि माझं डोकं पुन्हा धावायला लागलं. गप्प राहिले तर काय बिघडतं? पाणी बंद झालंच आहे. पुढची गाडी सुकी जाईल, हॉटेल खूश. रुडॉल्फ गेला म्हणून धूर थांबला असंच सगळे समजतील. मालनचा संशय खरा ठरला! मनातल्या मनात मी हे बोलले, आणि मला स्वतःचीच किळस आली.

साडेनऊला ताई आली. ओले क्रेट बघितले, झारी बघितली आणि शांताबाईला विचारलं. शांताबाईनं अभिमानानं सांगितलं, "व्हय, म्याच मारते. गाडीत जाणाऱ्या मालाला. अठरा वर्सं झाली, एक दिस चुकले न्हाई."

ताईंनी कपाळाला हात लावला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "वय झालं हो यांचं. डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. यांना आता घरीच बसवू या, मावशी."

आधी रुडॉल्फ, आता शांताबाई. माझ्या एका खोट्यापायी दोन माणसं घरी बसणार होती.

"तिचं डोकं शाबूत आहे, ताई," मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "तिला मी सांगितलं होतं. वजन वाढवायला पाणी मारायचो आपण. तुमच्या वडिलांच्या वेळी. तिला कळू नये म्हणून मी विंचवाचं सांगितलं. खोटं होतं ते."

ताईंचा चेहरा पडला. वडिलांचा फोटो हार घालून ऑफिसात लावलाय तिनं. तिनं एकदा तिकडे वळून बघितलं. मग एवढंच म्हणाली, "आजची गाडी नाही जाणार. हॉटेलवाल्याच्या पाया पडून मी आठ दिवस मागून घेते. रुडॉल्फ अंकलना तुम्ही आणायचं. तुम्ही."

शांताबाई मागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि मेट्रोनं मरोळला गेले.

रुडॉल्फ घरी नव्हता, चर्चकडे गेला होता. विनीनं मला आत ये म्हटलं नाही. हात धरून सरळ मागच्या परसात नेलं. तिथं विटांची छोटी चूल होती आणि भिंतीशी अर्धवट जळलेली लाकडं ओळीनं उभी केलेली, दोन-दोनच्या जोड्या, प्रत्येकीवर खडूनं तारीख. "दर भट्टीची दोन आणतो," विनी म्हणाली. "जाळतो, समोर बसतो, धूर किती येतो बघतो. तुमच्या मीटरवर विश्वास नाय त्याचा. माझ्या चादरी वाळत असतात, त्यांना वास लागतो म्हणून रोज शिव्या खातो माझ्या. हा तुझा चोर!"

मी तिथंच चुलीजवळ बसून राहिले. रुडॉल्फ आला तेव्हा मी उठून हात जोडले आणि सगळं सांगितलं, विंचवासकट. माफ कर म्हटलं. तो मला शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "ती बाई काय म्हणाली?"

"काहीच नाही म्हणाली."

"उद्या येतो," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाय."

दुसऱ्या दिवशी तो आला तो आधी शांताबाईकडे गेला. तिला चेंबरच्या दारापाशी नेलं, आच लावली आणि आतली ऊब चेहऱ्यावर येईल इतकं दार उघडलं. "शांताबाई, इथं सत्तर डिग्री आच असते. विंचू, गोम, वाळवी, कायपण जगत नाय. अंडंसुद्धा नाय. इथून निघालेल्या लाकडात कुणीपण हात घालावा."

तिनं एक सुकं लाकूड हातात घेतलं. सगळीकडून फिरवून बघितलं, भेगेत बोट घातलं. "नक्की?"

"माझ्या पोरांची शपथ."

मग ती माझ्या काट्यापाशी आली. मी उभी राहिले. "तवा तुला माझी संगमित्रा ठावं होती ना?" तिनं विचारलं.

"होती," मी म्हणाले आणि रडायला लागले.

तिनं मला गप्प केलं नाही, शिवीही दिली नाही. झारी उचलली, भंगाराच्या ढिगावर ठेवली आणि झाडायला गेली.

जुहूची गाडी आता धुराशिवाय जाते. रुडॉल्फ अजून दोन लाकडं नेतो, पण आता पिशवीबिशवी नाही, उघडी नेतो, माझ्यासमोरून, मला दिसतील अशी. शांताबाई वेळेवर येते, माझ्याशी बोलतेही. भांडण नाही काही. फक्त परवा मी तिला हाक मारून म्हटलं, "शांताबाई, चहा आलाय, घे." तर तिनं आधी फाटकाकडे वळून बघितलं. चहावाला खरंच उभा आहे का ते बघितलं, आणि मग आली.